आजारी मोराला सुई टोचण्यापूर्वी : वन विभाग आणि पशुसंवर्धन विभागास खुले पत्र

प्रति,
मा. प्रधान मुख्य वनसंरक्षक (वन्यजीव), महाराष्ट्र राज्य, नागपूर
मा. आयुक्त, पशुसंवर्धन, महाराष्ट्र राज्य, पुणे

विषय : आजारी व जखमी मोर-लांडोरींना जागच्या जागी इंजेक्शन देण्याच्या प्रथेबाबत.

महोदय,

मी पशुसंवर्धन खात्यातून पशुधन विकास अधिकारी म्हणून निवृत्त झालो. नोकरीचा बहुतेक काळ शिरूर, पारनेर, आष्टी, पाटोदा या कोरडवाहू पट्ट्यात गेला. या पट्ट्यात मोर हा जंगलातला कमी आणि बांधावरचा जास्त. मोराच्या चिंचोलीत तो अंगणात दाणे टिपतो, नायगावच्या मयूर अभयारण्याच्या आसपास तो हरभऱ्याच्या रानात सर्रास दिसतो, आणि उन्हाळ्यात पाणवठे आटले की जनावरांच्या हौदावर पाणी प्यायला येतो. माणसाच्या इतक्या जवळ राहणारा पक्षी आजारी पडला की माणसाच्या हाती लागतो, आणि हाती लागला की कोणीतरी त्याला सुई टोचतो. या दुसऱ्या गोष्टीविषयी हे पत्र आहे, आणि त्यात पहिला दोष माझा स्वतःचा आहे.

सुमारे वीस वर्षांपूर्वीची, जूनच्या दुसऱ्या आठवड्यातली गोष्ट. दोन तरुण मोटारसायकलवरून खताच्या रिकाम्या पोत्यात एक मोर घेऊन दवाखान्यात आले. पोत्याच्या तोंडातून फक्त मान बाहेर होती आणि ती एका बाजूला लवंडत होती. दारात शेळ्यांची रांग लागली होती. मी मान पाहिली, हिरवट पातळ विष्ठा पाहिली, मनात ‘मानमोडी (कोंबड्यांचा राणीखेत रोग) असावी, जोडीला जंतुसंसर्ग असेल’ असे म्हटले, आणि शेळ्यांसाठी भरून ठेवलेल्या ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकातले दोन मिलिलिटर, शेळ्यांसाठीच काढलेल्या अठरा नंबरच्या सुईने, मोराच्या मांडीत दिले. पक्षी सुटू नये म्हणून त्या दोघांपैकी एकाने तो छातीशी घट्ट आवळून धरला होता. सुई बाहेर काढेपर्यंत मोराने चोच उघडली, दोन-तीनदा मान ताणली, आणि काही मिनिटांत तो टेबलावरच गेला. संध्याकाळी शवविच्छेदन केले तेव्हा मांडीच्या स्नायूत काळ्या रक्ताची गाठ होती, आणि गळ्यातली अन्नाची पिशवी गुलाबी रंगाच्या बाजरीने गच्च भरली होती. पेरणीचे, औषध चोळलेले बियाणे होते ते. प्रतिजैविकाने बरे होण्यासारखे त्या मोराला काही झालेच नव्हते. मी नोंदवहीत ‘विषबाधेने मृत्यू’ असे लिहिले. सुईचा, मांडीतल्या गाठीचा किंवा पक्षी कसा धरला होता याचा उल्लेख केला नाही, आणि पिशवीतले दाणे रासायनिक तपासणीला पाठवायचे तर सुचलेही नाही.

त्यानंतर मी असे बरेच मोर पाहिले, आणि निवृत्तीनंतर पक्षीमित्रांच्या बोलावण्यावरून जातो तेव्हा अजूनही पाहतो. धरणारे हात बदलले आहेत. आता बचाव पथकातले उत्साही तरुण असतात, कधी वनमजूर असतो, कधी कुक्कुटपालन करणारा शेजारी असतो, कधी पशुधन पर्यवेक्षक. बाटली मात्र तीच, घाई तीच, आणि ‘निदान एक इंजेक्शन तरी देऊन पाहू’ हे वाक्यही तेच.

आधी पकडण्याविषयी लिहितो, कारण मोराच्या बाबतीत सुईचा धोका सुईच्या आधीच सुरू होतो. पक्ष्यांना आपल्यासारखे श्वासपटल (छाती आणि पोट यांमधला स्नायूचा पडदा) नसते. छातीचे हाड पुढे-मागे हलते तेव्हा वायुकोषांत हवा येते-जाते. ते हाड दाबून धरले की नाक-चोच मोकळी असूनही पक्षी गुदमरतो. मोराला धरणारा माणूस पंखांचे फटके आणि पायाचा काटा यांना घाबरून नेमकी छातीच आवळतो. शिवाय जिवाच्या भीतीने केलेल्या धडपडीत लांब पायांच्या पक्ष्यांचे स्नायू आतून फुटू लागतात आणि त्यातून सुटलेले द्रव्य मूत्रपिंडांवर जाते. असा पक्षी त्याच क्षणी मरतोच असे नाही; काही तासांनी किंवा दोन दिवसांनी पाय ओढत मरतो आणि लोक म्हणतात, औषध लागू पडले नाही. रक्त तपासूनही मग उलगडा कठीण होतो, कारण स्नायूत दिलेले इंजेक्शनही रक्तात तीच खूण सोडते. जो मोर रानात हाताने पकडता येतो तो आधीच शेवटच्या टप्प्यात असतो, हे तर कोणीच ध्यानात घेत नाही. शिकार होणारे पक्षी आजार लपवतात. ज्या दिवशी तो तुम्हाला आजारी दिसला, त्याच्या कितीतरी आधीपासून तो आजारी असतो. शरीरातले पाणी तुटलेले असते, अंगात मांस उरलेले नसते.

आता सुई कोठे टोचायची. जनावरांवर हात बसलेल्या माणसाचा हात आपोआप मांडीकडे जातो. पक्ष्यांच्या शरीरात मात्र मागच्या पायांकडून परतणारे बरेचसे रक्त हृदयाकडे जाण्याआधी मूत्रपिंडांतून जाऊ शकते. त्यामुळे मांडीत दिलेले औषध एकतर अंगभर पसरण्याआधीच बाहेर टाकले जाते, किंवा ते मूत्रपिंडांना अपायकारक असेल तर पहिला तडाखा तिथेच बसतो. जेंटामायसिनसारखे औषध पाणी तुटलेल्या मोराला मांडीत देणे म्हणजे आधीच सुकत चाललेल्या मूत्रपिंडांवर घाव घालणे. म्हणून पक्षीवैद्यकात छातीचा स्नायू निवडतात. पण खंगलेल्या मोराच्या छातीचे मधले हाड सुरीच्या पात्यासारखे वर आलेले असते आणि दोन्ही बाजूंना बोटभरही मांस नसते. तिथे मोठी सुई घातली की ती हाडावर आपटते, किंवा थोडी मागे सरकली तर थेट पोटात, यकृतापर्यंत जाते. कातडीखाली द्यावे तर कातडी कागदासारखी पातळ असते, औषध टोचल्या भोकातून परत बाहेर येते.

समजा, या सगळ्यातून पक्षी वाचला. छातीचा स्नायू हा उडण्याचा स्नायू आहे. तेलातली औषधे, ऑक्सिटेट्रासायक्लिन, एन्रोफ्लॉक्सासिन यांसारखी झोंबणारी औषधे जिथे पडतात तिथला स्नायू मरतो, आणि तीच सुई तीन दिवस लागोपाठ दिली तर त्या बाजूचा बराच भाग निकामी होतो. कोंबडीच्या बाबतीत हे फारसे कोणाला कळत नाही, कारण कोंबडीला खुराड्यात चालत जायचे असते. मोराला सूर्य मावळताना बाभळीच्या किंवा चिंचेच्या शेंड्यावर चढून बसायचे असते. दिवसभर तो चालतो, जमिनीवर खातो, म्हणून सोडणाऱ्यांना वाटते की पक्षी ठणठणीत झाला. फोटो निघतात, टाळ्या पडतात. त्या रात्री त्याला झाडाची पहिली फांदीही गाठता येत नाही, आणि पहाटेपर्यंत कुत्र्यांनी काम उरकलेले असते. मी स्वतः अशी एक लांडोर पाहिली आहे. सोडल्यानंतर दुसऱ्या दिवशी सकाळी तिची पिसे लिंबाच्या बुंध्याभोवती पसरलेली होती आणि बुंध्याच्या सालीवर, कमरेएवढ्या उंचीपर्यंत, नखांचे ताजे ओरखडे होते.

मात्रेच्या बाबतीत मी थोडा हिशेब मांडतो, कारण शब्दांपेक्षा तो लवकर पटेल. आयव्हरमेक्टिन या जंतनाशकाचे जनावरांसाठीचे एक टक्क्याचे इंजेक्शन गावोगावच्या औषध दुकानांत मिळते. त्यात एका मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम औषध असते. पक्ष्यांत साधारण धरली जाणारी मात्रा किलोमागे ०.२ मिलिग्रॅम आहे. साडेतीन किलोच्या लांडोरीला म्हणजे ०.७ मिलिग्रॅम, म्हणजे ०.०७ मिलिलिटर. पाच मिलिलिटरच्या सिरिंजवरची सर्वांत लहान रेघ ०.२ मिलिलिटरची असते. इन्सुलिनच्या चाळीस रेघांच्या सिरिंजवरही हे औषध तीन रेघांपर्यंत पोहोचत नाही. सुईच्या बुडाशी जे उरते तेच जवळपास तेवढे भरते. अशा वेळी ‘थोडेसे, अर्धा मिलि’ देणारा माणूस सात पट औषध देतो, आणि त्याला ते थोडेच वाटत असते. लेव्हामिसोल या दुसऱ्या जंतनाशकाच्या बाबतीत तर बाधणारी मात्रा आणि उपयोगी मात्रा यांत पक्ष्यांना फारच कमी अंतर असते. त्याच्या इंजेक्शनाने पक्षी दगावणे ही पशुवैद्यकांना ठाऊक असलेली गोष्ट आहे. आणि या हिशेबाचा पायाच वजन आहे. पिसारा धरून दोन मीटरच्या वर लांब दिसणाऱ्या मोराचे वजन लोक आठ-दहा किलो सांगतात. पूर्ण वाढलेला नर चार ते सहा किलोंचा असतो, लांडोर पावणेतीन ते चार; पिसाऱ्याचे स्वतःचे वजन काही शे ग्रॅमच्या पुढे जात नाही. आजारपणात खंगलेला मोर तर त्याहूनही हलका. माझ्या संपूर्ण नोकरीत मोर उचलायला निघालेल्या कोणाच्याही गाडीत काटा असलेला मला आठवत नाही.

औषधांपैकी दोन-तीन नावे वेगळी काढून सांगणे भाग आहे. प्रोकेन पेनिसिलिन गुरांना सर्रास देतात. त्यातला प्रोकेन हा भाग पक्ष्यांना बाधू शकतो. डेक्सामेथासोन हे स्टेरॉइड दिले की पक्षी तासाभरात मान वर करतो, डोळे उघडतो, दाणेही टिपतो, आणि देणाऱ्याला आपण जीव वाचवल्याचे समाधान मिळते. पण पक्ष्यांची प्रतिकारशक्ती स्टेरॉइडने फार लवकर ढासळते आणि फुप्फुसांतली बुरशी हातपाय पसरते. तिसरे म्हणजे वेदनाशामके. डायक्लोफेनॅक दिलेल्या जनावरांचे मृतदेह खाऊन गिधाडांचे काय झाले, ती कशी नामशेष होण्याच्या काठावर आली, हे आपल्या दोन्ही विभागांना मी सांगायला नको. २००४ मध्ये कारण उघड झाले, २००६ मध्ये जनावरांसाठीचा वापर बंद झाला, २०१५ मध्ये माणसांसाठीच्या इंजेक्शनाची बाटली तीन मिलिलिटरवर आणली गेली, आणि २०२३ मध्ये किटोप्रोफेन व ॲसेक्लोफेनॅकही जनावरांसाठी बंद झाली. तरी माणसांची तीन मिलिलिटरची कुपी कोणत्याही दुकानात मिळते, आणि पाय मोडलेल्या मोराला ‘दुखत असेल बिचाऱ्याला’ म्हणून ती दिली गेलेली मी ऐकली आहे. कोंबड्यांवर झालेल्या प्रयोगांतही या औषधाने मूत्रपिंडे गेली आहेत. अशा पक्ष्याचे पोट उघडल्यावर हृदयावर आणि यकृतावर चुना फासल्यासारखा पांढरा थर दिसतो. तो मूत्रपिंडांनी बाहेर न टाकलेल्या युरिक ॲसिडचा असतो. आणि असा मोर उघड्यावर फेकला तर त्याच्यावर आणखी कोण उतरेल, हा प्रश्न उरतोच.

एवढे सगळे धोके पत्करावेत अशी वेळ पुष्कळदा येतच नाही, कारण आजार काय आहे हेच माहीत नसते. मान वाकडी झालेला, झोकांड्या खाणारा मोर मानमोडीने तसा होतो, फवाऱ्याच्या औषधाने होतो, औषध चोळलेल्या बियाण्याने होतो, उष्माघाताने होतो, वाहनाच्या धडकेने होतो. यातल्या एकाही कारणावर प्रतिजैविकाचे इंजेक्शन हा उपाय नाही. सेंद्रिय फॉस्फरसच्या कीटकनाशकाची बाधा असेल तर ॲट्रोपिनचे इंजेक्शनच जीव वाचवू शकते, पण ते मोजून आणि लक्षणे पाहत द्यावे लागते. चोचीच्या कडेला, डोळ्यांभोवती खपल्या आल्या असतील तर ती बहुधा पक्ष्यांची देवी (फाउल पॉक्स) असते. विषाणूचा आजार, काही आठवड्यांत खपल्या गळून जातात, तोवर डोळे मिटल्यामुळे पक्षी उपाशी मरू नये एवढेच पाहायचे असते. चोच उघडी ठेवून आचके देणाऱ्या पिल्लाच्या श्वासनळीत जंत असू शकतात. एकाच वेळी तीन-चार मोर मेलेले आढळले तर त्यांना हात लावणे हीच चूक आहे. जानेवारी २०२१ मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंब्यात कोंबड्यांचा बर्ड फ्लू उघड झाला होता. अशा काळात एका पाठोपाठ एक पक्षी काखेत धरून एकाच सुईने टोचत सुटणारा माणूस रोगही पसरवतो आणि स्वतःच्या घरीही नेतो. तिथे पुण्यातल्या औंधच्या रोग अन्वेषण विभागाला कळवणे आणि नमुना भोपाळच्या प्रयोगशाळेत जाणे हाच उपचार आहे. काही गावांत मानमोडीच्या भीतीने कोंबड्यांची आर-टू-बी लस मोरांना टोचण्याची टूम निघते. ही लस निरोगी, ठरावीक वयाच्या कोंबड्यांसाठी आहे. ती गावातल्या कोंबड्यांना वेळेवर दिली तर त्यांच्यासोबत दाणे खाणाऱ्या मोरांचाच फायदा आहे. आजारी रानमोराला टोचून कोणाचाही नाही.

गैरसमज नको म्हणून लिहितो, इंजेक्शन हे वाईटच असे माझे म्हणणे नाही. कुत्र्याने फाडलेल्या लांडोरीला योग्य प्रतिजैविक हवे, पाणी तुटलेल्याला कातडीखाली कोमट सलाईन हवे, मोडलेला पाय बसवायला भूल हवी. हे सारे नोंदणीकृत पशुवैद्यकाने, वजन करून, बारीक सुईने आणि शांत खोलीत करावे. उपचार नोंदणीकृत पशुवैद्यकाच्या हाती असावा, हे तर भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ सुद्धा सांगतो. तरीही तो डॉक्टरही अंदाजानेच चालत असतो, कारण मोरावर तपासून ठरवलेल्या मात्रा फारच थोड्या आहेत. बाकीच्या कोंबडी आणि टर्की यांच्यावरून काढलेल्या आहेत. मोबाइलवर ज्या परदेशी मोरपाळांच्या चित्रफिती आपले तरुण पाहतात, तिथे मोर हा फार्मवरचा पाळीव पक्षी असतो. त्याला रोज हात लागलेला असतो, त्याला उडून झाडावर बसायचे नसते. इथला मोर रानातला आहे.

तो सरकारचाही आहे, हे विसरून चालणार नाही. १९६३ मध्ये तो राष्ट्रीय पक्षी झाला आणि वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत आहे. कलम ३९ प्रमाणे हाती लागलेल्या अशा प्राण्याची माहिती ४८ तासांत द्यावी लागते. हा कायदा ज्यांच्यावर चालावा ते शिकारी मोकळे फिरतात, आणि जखमी मोर उचलणारा शेतकरी मात्र धसका घेतो. ‘आत टाकतील’ या भीतीने तो कोणाला न कळवता घरातच मोर लपवतो, शेजारच्या कंपाउंडरकडून सुई मारून घेतो, आणि पक्षी मेला की रात्री ओढ्यात पुरतो. म्हणून ४८ तासांच्या आत कळवणाऱ्याला कोणताही त्रास होणार नाही, हे वन विभागाने ग्रामपंचायतींच्या फलकांवर स्पष्ट शब्दांत लिहावे, आणि त्याच्याखाली १९२६ हा वन विभागाचा मदत क्रमांक लिहावा.

आता मागणी. दोन्ही विभागांनी मिळून एक लेखी आदेश काढावा की वजन केल्याशिवाय आणि पशुवैद्यकाच्या प्रत्यक्ष किंवा फोनवरच्या आदेशाशिवाय कोणत्याही मोर-लांडोरीला इंजेक्शन दिले जाणार नाही. मग देणारा वनरक्षक असो, स्वयंसेवक असो की पशुधन पर्यवेक्षक. प्रत्येक वनपरिक्षेत्राच्या गाडीत एक लटकता काटा, हवेसाठी भोके पाडलेले मोठे पुठ्ठ्याचे खोके आणि डोक्यावर टाकायला सुती कापड असावे. अंधारात, गर्दीपासून दूर, सावलीत ठेवलेला मोर तासाभरात शांत होतो. तेवढ्या वेळात डॉक्टरला फोन करता येतो, आजूबाजूला मेलेले पक्षी आहेत का पाहता येते, शेतात आज काय पेरले किंवा फवारले हे विचारता येते. त्या तासात त्याच्या चोचीत कोणी बाटलीने पाणी ओतू नये, हेही आदेशात यावे. जिभेच्या बुडाशीच श्वासनळीचे तोंड असते आणि पाणी तिकडेच जाते.

ज्या पक्ष्याला सुई दिली त्याच्या पायाला एक चिठ्ठी बांधावी. चिठ्ठीवर औषधाचे नाव, बाटलीवरची तीव्रता, किती मिलि, शरीरावर कोठे आणि किती वाजता दिले, एवढे पुरे. नागपूरच्या सेमिनरी हिल्सवरच्या ट्रान्झिट ट्रीटमेंट सेंटर या वन्यप्राणी उपचार केंद्रासारख्या ठिकाणी पोहोचलेल्या पक्ष्याबरोबर अशी चिठ्ठी असली, तर आधी काय दिले गेले हे न कळल्याने तेच औषध दुसऱ्यांदा दिले जाणे टळेल. आणि मेलेल्या प्रत्येक मोराच्या शवविच्छेदन अहवालात ‘इंजेक्शनची जागा’ असा एक रकाना असावा, स्नायूची अवस्था तिथे लिहावी, आणि गळ्यातल्या पिशवीत जे सापडेल ते तपासणीला पाठवावे. हा रकाना माझ्या वेळी असता तर मला तो रिकामा ठेवताना निदान हात अडखळला असता.

मृगाचा पाऊस झाला की बाजरीची पेरणी सुरू होईल आणि गुलाबी बियाणे पुन्हा पाभरीच्या तासांत पडेल. त्याआधी हा आदेश निघावा, ही विनंती. आदेशाचा मसुदा करण्यासाठी किंवा कर्मचाऱ्यांना मोर कसा धरावा हे दाखवण्यासाठी मला बोलावल्यास मी स्वखर्चाने येईन.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुधन विकास अधिकारी